डिजिटल टीव्ही : बदलायचं काय, ठेवायचं काय

टीव्हीच्या दुकानात जाऊन "घरी अजून जुना डबा टीव्ही आहे" एवढं म्हटलं की विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं असतं : आता सगळं डिजिटल झालंय, तो चालायचा नाही. हे अर्धंच खरं आहे. डिजिटल झालंय ते प्रक्षेपण. पाठीमागे लाल, पांढरं, पिवळं अशी तीन भोकं असलेला वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा टीव्ही सेट टॉप बॉक्स जोडला की आजही चालतो. अडचण असलीच तर ती पिक्चर ट्यूब थकल्याची किंवा सुटे भाग मिळत नसल्याची असेल, डिजिटलची नव्हे. तेव्हा नवा टीव्ही हौसेने घ्या, ऑफर चांगली आहे म्हणून घ्या. पण "सरकारने जुने टीव्ही बंद केले" असं कोणी सांगितलं म्हणून घेऊ नका. असा कुठलाही आदेश निघालेला नाही.

गोंधळाचं मूळ असं की डिजिटल, एलईडी, एचडी आणि स्मार्ट हे चार शब्द आपण एकाच दमात बोलतो, आणि जाहिराती तर मुद्दाम बोलतात. डिजिटल हे सिग्नलचं वर्णन आहे : चित्र-आवाज घरापर्यंत कसा येतो ते. एलईडी हे पडद्याचं वर्णन, त्यामागे उजेड कसला आहे ते. एचडी म्हणजे चित्रात बारकावा किती. आणि स्मार्ट म्हणजे टीव्हीला इंटरनेट जोडता येतं. या चारांपैकी एक असलं म्हणून दुसरं असेलच असं नाही. पन्नास हजारांच्या स्मार्ट एलईडीवर साध्या बॉक्समधली साधी वाहिनी लावली तर चित्र धूसरच दिसणार, आणि तो टीव्हीचा दोष नसतो.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना खटकते. आपल्याकडच्या जुन्या अ‍ॅनालॉग प्रक्षेपणात चित्राच्या एकूण ६२५ रेषा असत, त्यातल्या ५७६ प्रत्यक्ष दिसत. आजच्या साध्या, म्हणजे एसडी, डिजिटल वाहिनीलाही ५७६ रेषाच असतात. म्हणजे डिजिटलमुळे चित्र आपोआप जास्त रेखीव होत नाही, ते फक्त स्वच्छ होतं. उलट केबल किंवा डीटीएच चालकाने एकाच जागेत फार वाहिन्या कोंबल्या तर क्रिकेटच्या मैदानावरचं गवत हिरव्या रंगाचा लेप दिल्यासारखं दिसतं. चांगल्या अँटेनावरचं जुनं दूरदर्शन याहून बरं होतं असं कोणी ज्येष्ठ म्हणाले, तर ते केवळ स्मरणरंजन नसतं.

आता मुळातला फरक. अ‍ॅनालॉगमध्ये चित्रातला उजेड जसा कमी-जास्त होईल तशी रेडिओलहर कमी-जास्त होत असे. वाटेत त्या लहरीत जे मिसळेल, मग ते शेजारच्या मिक्सरचं असो की खालून जाणाऱ्या स्कूटरच्या स्पार्क प्लगचं, ते थेट पडद्यावर उमटे. त्या मुंग्या, ते दुहेरी चित्र, तिरप्या रेघा. पण सिग्नल कितीही अशक्त असला तरी काही ना काही दिसे. डिजिटलमध्ये चित्राचे आकडे होतात, ते आकडे दाबून लहान केले जातात आणि वाटेत थोडी चूक झाली तर ती भरून काढायला जादा आकडे सोबत दिले जातात. बॉक्स ते आकडे गोळा करून चित्र पुन्हा मांडतो. त्यामुळे सिग्नल एका मर्यादेपर्यंत घसरला तरी चित्र निर्मळ दिसतं. मर्यादा ओलांडली की मात्र चौकोन उडू लागतात, आवाज तुटतो आणि पडदा गोठतो. मधली अवस्था जवळपास नाहीच.

याचा व्यवहारातला अर्थ महत्त्वाचा आहे. अ‍ॅनालॉगच्या काळात चित्र बिघडायला लागलं की आधी सूचना मिळे. डिजिटलमध्ये आज सुंदर दिसणारं चित्र उद्याच्या पहिल्या सरीत नाहीसं होऊ शकतं, कारण ते आजच मर्यादेच्या काठावर असतं. म्हणून नवी जोडणी करून घेताना तंत्रज्ञाला चित्र दाखवायला सांगू नका, बॉक्सच्या मेनूतली सिग्नलची पट्टी दाखवायला सांगा. तिथे बहुधा दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थ भरपूर दिसली म्हणून खूश होऊ नका. नुसती वायर आणि एलएनबी (डिशसमोरचा सिग्नल पकडणारा भाग) जोडलेली असली तरी ती भरलेली दिसू शकते. खरी पट्टी क्वालिटीची. कोरड्या, निरभ्र दिवशी ती किती आहे ते बॉक्सखाली कागद चिकटवून लिहून ठेवा. पुढे वर्षभरात तक्रार करताना हा एक आकडा तुमच्या बाजूने बोलेल.

अ‍ॅनालॉग सोडण्याचा खटाटोप कशासाठी, तर जागेसाठी. आपल्याकडे जुन्या पद्धतीच्या एका वाहिनीला व्हीएचएफ पट्ट्यात ७ आणि यूएचएफ पट्ट्यात ८ मेगाहर्ट्‌झ जागा लागे. तेवढ्याच जागेत डिजिटल पद्धतीने दहाएक साध्या वाहिन्या बसतात. उरलेली जागा मोबाइल कंपन्यांना हवी असते आणि सरकारांना ती विकायची असते. जगभर हेच झालं. बर्लिन शहराने ऑगस्ट २००३ मध्ये अ‍ॅनालॉग बंद केलं, अमेरिकेने १२ जून २००९ ला, जपानने २४ जुलै २०११ ला (त्सुनामीग्रस्त तीन प्रांतांना मात्र मार्च २०१२ पर्यंत सवलत होती), ब्रिटनने टप्प्याटप्प्याने ऑक्टोबर २०१२ पर्यंत. अमेरिकेत सरकारने लोकांना कन्व्हर्टर बॉक्स घ्यायला ४० डॉलरची कुपनं वाटली. तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींना साध्या अँटेनावर आजही फुकट आणि एचडी दर्जाच्या वाहिन्या मिळतात, आणि भारतात आल्यावर "इथे अँटेना का नाही?" असं ती विचारतात.

नाही, कारण भारताचा रस्ता उलटा होता. बहुतेक देशांनी हवेतलं, मनोऱ्यावरचं प्रक्षेपण आधी डिजिटल केलं. आपण आधी केबल डिजिटल केली. दूरदर्शन मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ ला आलं, १९८२ मध्ये रंगीत झालं, आणि त्या वेळी कृष्णधवल टीव्ही असलेल्यांचं काहीच अडलं नाही : रंगीत प्रक्षेपण त्यांच्या संचावर काळंपांढरं दिसत राहिलं. डिजिटलमध्ये ही सोय नव्हती. जुना संच आपला आपण ते आकडे वाचू शकत नाही, त्याला मध्यस्थ लागतो. हा मध्यस्थ म्हणजे सेट टॉप बॉक्स, आणि तो घरोघरी पोचवायचं काम सरकारने केबलवाल्यांवर टाकलं. केबल कायद्यात २०११ मध्ये दुरुस्ती झाली. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या महानगरांसाठी ३१ ऑक्टोबर २०१२ ही मुदत ठरली. चेन्नईचं प्रकरण न्यायालयात अडकलं. मग ३१ मार्च २०१३ पर्यंत पुणे, नागपूर, नाशिक यांसारखी दहा लाखांवरची शहरं, नंतर बाकीची शहरं आणि शेवटी ग्रामीण भाग. मुदती पुढे सरकत सरकत शेवटची तारीख ३१ मार्च २०१७ पर्यंत गेली.

केबलचं डिजिटल होणं हा केवळ चित्राचा प्रश्न नव्हता, पैशाचाही होता. अ‍ॅनालॉग केबलमध्ये सगळ्यांच्या घरी तीच वायर आणि त्याच वाहिन्या जात. कोणाला किती घरं जोडली आहेत हे केबलचालक सांगेल तेच खरं. वाहिनीवाल्यांना मोजायचा दुसरा मार्ग नव्हता, सरकारला करमणूक कर मोजायचाही नव्हता. वायरीत जागा जेमतेम शंभर वाहिन्यांची, त्यामुळे चांगला क्रमांक मिळवायला वाहिन्याच चालकांना पैसे देत, आणि शेपटाकडच्या वाहिन्यांवर मुंग्या असत. डिजिटल बॉक्सला स्वतःचा नंबर असतो. कोणत्या नंबरच्या बॉक्सवर कोणती वाहिनी उघडायची हे मध्यवर्ती यंत्रणेतून ठरतं. म्हणूनच "मला ही वाहिनी नको, तिचे पैसे कमी करा" असं म्हणायचा हक्क ग्राहकाला मिळू शकला. माझ्या मते या सगळ्या बदलातली आपल्या फायद्याची मोठी गोष्ट हीच, आणि बहुतेक घरांत तीच वापरली जात नाही.

दूरदर्शनचे अ‍ॅनालॉग मनोरे मात्र रेंगाळत राहिले. सरकारने ठरवल्याप्रमाणे ते टप्प्याटप्प्याने बंद होत मार्च २०२२ पर्यंत जवळपास संपले; मोक्याच्या जागांवरचे पन्नासेक तेवढे राखले. मधल्या काळात, २०१६ मध्ये, दूरदर्शनने मुंबई आणि औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) धरून १६ शहरांत मनोऱ्यावरून डिजिटल प्रक्षेपणही सुरू केलं होतं, पण ते फार घरांपर्यंत पोचलं नाही. दुकानदार "यात इनबिल्ट डिजिटल ट्यूनर आहे" असं सांगतो तेव्हा बहुधा याच पद्धतीचा ट्यूनर असतो. तुमच्या गावात त्याचा सिग्नल नसेल तर त्या ट्यूनरचा उपयोग शून्य. गच्चीवरचा जुना फिशबोन अँटेना आता खुशाल उतरवा. कावळ्यांखेरीज कोणाची तक्रार येणार नाही.

तर आज आपल्यापुढे वाटा उरल्या चार : केबल, खासगी डीटीएच, दूरदर्शनची फ्री डिश आणि इंटरनेट. निवड करताना टीव्हीकडे पाहू नका, आधी घराकडे पाहा.

घरात मराठी मालिका आणि बातम्या पाहणारी मंडळी असतील, इमारतीत केबल आधीच असेल आणि चालक हाकेसरशी येणारा असेल, तर केबल सोडायचं काही कारण नाही. पावसात ती कमी दगावते, कारण मोठी डिश चालकाकडे असते. डीटीएच तिथे घ्या जिथे केबल बेभरवशाची आहे किंवा नाहीच. दोन्हीकडे एक अट लक्षात ठेवा : एका कंपनीचा बॉक्स दुसरीकडे चालत नाही. ट्राय या दूरसंचार नियामकाने २०२० मध्ये बॉक्स अदलाबदलीचे असावेत अशी शिफारस केली, पण आपल्या हातात तसा बॉक्स अजून आलेला नाही. म्हणून बॉक्स विकत आहे, भाड्याने आहे की अनामत घेऊन दिला आहे, हे पहिल्याच दिवशी विचारा आणि पावतीवर लिहून घ्या. भाडेकरूंनी तर नक्कीच; घर बदलताना बॉक्सवरूनच वाद होतात.

फ्री डिश हा खरं तर आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित पर्याय आहे. शहरातल्या लोकांना ती "गरिबांची डिश" वाटते. दूरदर्शनची ही सेवा डिसेंबर २००४ पासून चालू आहे, देशातली चार कोटींहून अधिक घरं ती वापरतात असा अंदाज दिला जातो, आणि तिला मासिक शुल्क नाही. डिश, बॉक्स आणि बसवणं मिळून एकदाच साधारण दीड-दोन हजारांचा खर्च. सह्याद्री, डीडी न्यूज, दूरदर्शनच्या इतर वाहिन्या, काही खासगी वाहिन्या, पीएम ई-विद्या आणि स्वयंप्रभा यांच्या शैक्षणिक वाहिन्या, शिवाय आकाशवाणीची केंद्रं. मुलांच्या परीक्षेमुळे वर्षभर मोठा पॅक नको असलेल्या घराला, शेतावरच्या खोलीला, गावी वर्षातून दोनदा उघडणाऱ्या घराला याहून चांगलं काही नाही.

पण तिची मर्यादाही ठाऊक हवी. फ्री डिशवरच्या खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने दिल्या जातात, त्यामुळे वाहिन्या येतात-जातात. १ एप्रिल २०२२ ला झी अनमोल, स्टार उत्सव, कलर्स रिश्ते आणि सोनी पल या लोकप्रिय हिंदी वाहिन्या एकाच दिवशी तिच्यावरून गेल्या होत्या. एका विशिष्ट मराठी मालिकेसाठी फ्री डिश घेणार असाल तर आधी ज्यांच्याकडे ती आहे त्यांच्या घरी बसून ती वाहिनी दिसते का ते पाहा. आणि बॉक्स घेताना एमपेग-४ चाच घ्या. बाजारात स्वस्तातले जुने एमपेग-२ बॉक्स अजून मिळतात. त्यांच्यावर काही वाहिन्या दिसतात, काही कधीच दिसत नाहीत, आणि दुकानदार "सिग्नल नाही" म्हणून मोकळा होतो.

ज्यांच्या टीव्हीतच सॅटेलाइट ट्यूनर आहे त्यांना फ्री डिशच्या उघड्या वाहिन्यांसाठी बॉक्सचीही गरज नसते. डिशची वायर थेट टीव्हीला जोडली की झालं. अशा टीव्हींसाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये आयएस १८११२ हे मानक काढलं. नवा टीव्ही घेताना "सॅटेलाइट ट्यूनर आहे का, डीव्हीबी-एस२ आहे का" असं थेट विचारा. विक्रेता गोंधळला तर टीव्हीच्या पाठीमागे वायर फिरवून बसवायची आटे असलेली गोल खाच शोधा आणि मेनूत सॅटेलाइट हा शब्द. दोन्ही असले की बहुधा काम होतं.

इंटरनेटचं थोडक्यात. घरात वायरचं ब्रॉडबँड असेल तर ठीक. मोबाइलच्या डेटावर एचडी पाहणं म्हणजे तासाला तीनेक जीबी. रोजचा दीड जीबीचा पॅक अर्ध्या तासात संपेल.

आता बिल. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायची नवी दररचना लागू झाली तेव्हा घरोघरी वैताग झाला होता, तो आठवत असेल. तिचं सूत्र मात्र सोपं आहे. बिलाचे दोन भाग. एक, जोडणीचं शुल्क, त्याला एनसीएफ म्हणतात. दोन, तुम्ही निवडलेल्या सशुल्क वाहिन्यांची किंमत. जोडणीच्या शुल्काला आधी १३० रुपयांची कमाल मर्यादा होती. १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. सुरुवातीला त्यात शंभर वाहिन्या येत, २०२० च्या दुरुस्तीनंतर दोनशे. जुलै २०२४ मध्ये ट्रायने ही मर्यादाच काढून टाकली, म्हणजे आता हे शुल्क चालक ठरवतो. त्यामुळे "एनसीएफ किती?" हा प्रश्न आता आधीपेक्षा जास्त विचारायला हवा, आणि शेजारच्या दुसऱ्या चालकालाही.

वाहिनीची कमाल किंमत मात्र वाहिनीच जाहीर करते आणि कुठलाही चालक त्याहून जास्त घेऊ शकत नाही. पॅक घ्यायची सक्ती नाही. एखादी वाहिनी सुटी मागितली तर ती सुटी द्यावी लागते. "सुटं महाग पडतं, पॅकच घ्या" असं केबलवाला सांगतो तेव्हा तो नेहमी खोटं बोलत असतो असं नाही. पॅकवर सवलत असते. पण आठवडाभर एक कागद टीव्हीजवळ ठेवून घरातले लोक खरोखर कोणत्या वाहिन्या पाहतात ते लिहा. बहुतेक घरांत यादी दहा-बाराच्या पुढे जात नाही. मग त्या दहा-बारांची सुटी किंमत आणि पॅकची किंमत शेजारी शेजारी मांडा. पॅक स्वस्त निघाला तर पॅक घ्या. पण हा हिशेब दुसऱ्याला करू देऊ नका.

फुकट वाहिन्यांच्या यादीकडेही लक्ष द्या. एकदा जोडणीचं शुल्क भरलं की फ्री-टू-एअर वाहिन्यांना वेगळे पैसे नाहीत. दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या तर प्रत्येक केबलचालकाने दाखवल्याच पाहिजेत, कायदाच तसा आहे. सह्याद्री दिसत नसेल तर विनंती करू नका, तक्रार करा.

महिनाभर किंवा अधिक काळ गावी जाणार असाल तर आधी कळवून जोडणी तात्पुरती थांबवता येते. बिलाची पावती मागा, पैसे रोख दिले तरी मागा. सध्या आणखी एका गोष्टीला जपा : "डिजिटायझेशनची केवायसी राहिली आहे, बॉक्स आज रात्री बंद होईल" असा फोन आला आणि ओटीपी मागितला तर फोन ठेवून द्या. बॉक्स चालू ठेवायला कुठल्याही चालकाला तुमच्या बँकेचा ओटीपी लागत नाही.

आता जोडणी. जुन्या टीव्हीला तीन रंगांची एव्ही वायर : पिवळी चित्राची, लाल-पांढरी आवाजाची. चित्र काळंपांढरं आलं तर बहुधा पिवळी पिन दुसऱ्या खाचेत गेलेली असते. टीव्ही इतका जुना असेल की मागे फक्त अँटेनाचं एकच भोक आहे, तर आरएफ मॉड्युलेटर नावाची छोटी डबी लागेल. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत विचारा. जुन्या चौकोनी पडद्यावर माणसं उभट आणि बारीक दिसत असतील तर दोष डोळ्यांचा नाही. बॉक्सच्या मेनूत जाऊन १६:९ ऐवजी ४:३ निवडा. उलट नव्या रुंद टीव्हीवर सगळे जाडजूड दिसत असतील तर १६:९ करा. नव्या टीव्हीला एव्ही वायर लावून ठेवणारेही खूप भेटतात. एचडी बॉक्सचे पैसे भरायचे आणि चित्र तीन रंगी वायरीतून न्यायचं, हा निव्वळ तोटा. एचडीएमआय वायर लावा. साधी चालते, सोन्याचा मुलामा असलेली महागडी नको.

दोन टीव्हींना दोन बॉक्स लागतात. एकाच बॉक्समधून स्प्लिटरने दोन खोल्यांत वायर नेली तर दोन्हीकडे एकच वाहिनी दिसेल. आजी-आजोबा आणि नातवंडं यांच्यात तह झालेला असेल तर एवढंही पुरतं.

छत्रीबद्दल, म्हणजे डिशबद्दल, थोडं सविस्तर, कारण पावसाळ्यातल्या निम्म्या तक्रारी तिथेच सुरू होतात. फ्री डिशचा जीसॅट-१५ हा उपग्रह विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. महाराष्ट्रातून तो आग्नेय दिशेला, क्षितिजापासून साधारण साठ अंश वर येतो. पुण्याहून जवळपास नेमका आग्नेयेला, नागपूरहून थोडा दक्षिणेकडे सरकलेला. छत्री बसवताना त्या बाजूला नारळ, आंबा, शेजारची टाकी काही आड येत नाही ना ते बघा. आणि झाड आज लहान असलं तरी चार वर्षांनी किती वाढेल याचा विचार करा. छत्रीची तबकडी डोळ्यांना बरीच उभी दिसते, त्यामुळे ती आडवी करायचा मोह होतो. हात लावू नका, तिची रचनाच तशी असते. ती ज्या पाइपवर बसते तो मात्र ओळंब्यात सरळ हवा. पाइप तिरका असेल तर तंत्रज्ञ कितीही फिरवो, वाऱ्याने थोडी हलली की सिग्नल गेलाच.

जोराचा पाऊस पडताना चित्र जातं ते छत्री बिघडल्याने नव्हे. डीटीएचच्या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते आणि मोठे थेंब त्या लहरी शोषतात, पसरवतात. सर ओसरली की चित्र परत येतं. आलं नाही, तर वायरीच्या जोडात पाणी शिरलं आहे असं समजा. बाहेरचे जोड टेपने आणि वर रबराच्या टोपीने बंद करून घ्या आणि वायर एलएनबीकडून खाली येताना तिला थोडी झोळ ठेवा, म्हणजे पाणी जोडात न जाता झोळीतून गळेल. कोकणात आणि गोव्यात खारी हवा छत्रीचे नट दोन-तीन वर्षांत खाते; स्टेनलेसचे नट मागा. आणखी एक कारण कोणी सांगत नाही : एलएनबीच्या तोंडावर कुंभारमाशीने बांधलेलं मातीचं घर. बारीक चौकोन उडत असतील तर गॅलरीतून एकदा वर पाहा.

वर्षातून दोनदा, मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सांध्यावर, काही दिवस सकाळी अकराच्या सुमारास काही मिनिटं चित्र फुटू शकतं. सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याचा रेडिओ गोंगाट छत्रीत भरतो. आपलं आपण बरं होतं. तंत्रज्ञाला भेटीचे पैसे देऊन बोलावू नका.

आणि सामन्यात शेजारच्या घरात आधी ओरडा ऐकू येतो, त्यावर उपाय नाही. आकडे दाबणं, उपग्रहापर्यंत छत्तीस हजार किलोमीटर जाऊन परत येणं, पुन्हा उलगडणं यात काही सेकंद जातात, आणि प्रत्येक सेवेचा उशीर वेगळा. बातम्यांच्या ठोक्याला घड्याळ लावायची सवय असेल तर ती आता सोडा.

जुना टीव्ही काढायचाच ठरला तर तो उघडू नका; बंद केल्यावरही पिक्चर ट्यूबमध्ये धोकादायक विद्युतदाब साठलेला असतो आणि तिच्या काचेत शिसं असतं. गल्लीतला भंगारवाला तांब्यासाठी ती फोडतो. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राला द्या, किंवा नवा टीव्ही घेताना दुकानदाराला घ्यायला लावा.

शेवटी गावी एकट्या राहणाऱ्या आई-वडिलांसाठी. डिजिटल टीव्हीने त्यांच्यासाठी सोपी गोष्ट अवघड केली, हे मान्य करायला हवं. आधी एक बटण होतं, आता दोन रिमोट आहेत, आणि टीव्हीच्या रिमोटवरचं सोर्सचं बटण चुकून दाबलं की 'नो सिग्नल' येऊन संध्याकाळ सुनी जाते. टीव्ही सुरू होताच बॉक्सचाच इनपुट येईल अशी सोय मेनूत असते, ती लावून द्या. टीव्हीच्या रिमोटवरची नको ती बटणं चिकटपट्टीने झाका. त्यांच्या पाच-सहा वाहिन्यांचे क्रमांक मोठ्या अक्षरांत पुठ्ठ्यावर लिहा, त्याखाली रिचार्जची तारीख, ग्राहक क्रमांक आणि तक्रारीचा नंबर. क्रमांक अधूनमधून बदलतात, म्हणून पुठ्ठा दर भेटीत ताजा करा. पुढच्या खेपेला घरी जाल तेव्हा हे अर्ध्या तासाचं काम पहिल्याच संध्याकाळी उरका.